नवशिक्यांच्या मायक्रोफोन किटमधील चुकीचा रेझिस्टर आणि चुकीचे पत्रक याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मायक्रोफोन प्रीॲम्प्लिफायर किटमधील सदोष भाग बदलून मिळणे व पत्रक दुरुस्त करणे

महोदय/महोदया,

आपल्याकडून मागवलेली मायक्रोफोन प्रीॲम्प्लिफायरची (माईकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटची) १० किट मिळाली. दहाही किटमध्ये एकच चूक आहे. माईकला वीज पुरवणारा रेझिस्टर २.२ किलोओहमचा हवा, पण पिशवीत २२ किलोओहमचा निघाला. पत्रकात आकडा बरोबर छापला आहे. रेझिस्टरवरचे पट्टे मात्र लाल-लाल-लाल नसून लाल-लाल-नारिंगी आहेत. नवशिक्याच्या नजरेतून हा फरक हमखास सुटतो.

किटमधील माईक म्हणजे इलेक्ट्रेट कॅप्सूल, एक छोटी धातूची डबी. तिच्या आत एक छोटा एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) असतो आणि त्याला साधारण ०.३ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर २.२ किलोओहममध्ये सुमारे ०.७ व्होल्ट जातात आणि माईकला ४.३ व्होल्ट उरतात. तोच प्रवाह २२ किलोओहममधून न्यायला ६.६ व्होल्ट लागतील. पुरवठाच ५ चा आहे. या किटमध्ये माईकच्या टोकांवर मल्टिमीटर जेमतेम ०.२ व्होल्ट दाखवतो. एफईटी उपाशी राहतो आणि आवाज जवळजवळ येतच नाही. जळल्याचा वास नाही, काही गरम होत नाही, त्यामुळे शंका रेझिस्टरवर जातच नाही.

खरी हानी पुढे होते. ‘आवाज न आल्यास माईकचे सोल्डरिंग पुन्हा करा’ असे आपले पत्रक सांगते. कॅप्सूलमधला विद्युतभार पातळ प्लास्टिकच्या थरात साठवलेला असतो आणि तो उष्णतेने जातो. एका टोकाला सोल्डरिंग आयर्न २-३ सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, दुसऱ्या टोकाआधी कॅप्सूल थंड होऊ द्यावी, हे पत्रकात कुठेच नाही. सोल्डरिंग मुळात ठीक असताना नवशिके तेच टोक चार-चार वेळा तापवतात आणि चांगली कॅप्सूल निकामी होते. ही ओळ आधी काढून टाका. तिच्या जागी ‘माईकवरचा व्होल्टेज मोजा; १ व्होल्टच्या खाली असेल तर रेझिस्टरचे पट्टे तपासा’ असे छापा.

पत्रकातील आकृतीत माईकची टोकेही उलटी दाखवली आहेत. कॅप्सूलची मागची बाजू पाहिली तर एका टोकापासून बारीक तांब्याच्या रेषा धातूच्या कडेपर्यंत गेलेल्या दिसतात. ते टोक ऋण, म्हणजे ग्राउंड. रेषा दिसल्या नाहीत तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असल्यास बीप वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून एक टोक आणि धातूचे कवच तपासावे. बीप वाजला की ते ग्राउंड. आकृतीप्रमाणे जोडले तर कवच सिग्नलच्या बाजूला जाते, आवाज नीट येत नाही आणि बोट लावताच घुंई ऐकू येते.

किटमधील एलएम३५८ (सिग्नल वाढवणारी चिप) आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांबद्दल तक्रार नाही.

बदली म्हणून आपल्या प्रतिनिधीने एलएम३९३ असलेले ‘साउंड सेन्सर’ मॉड्यूल सुचवले. ते इथे चालणार नाही. एलएम३९३ हा कंपॅरेटर आहे: आवाज ठरवलेल्या पातळीच्या वर गेला की नाही, एवढेच तो सांगतो. टाळीवर दिवा लावायला ठीक, बोलणे रेकॉर्ड करायला निरुपयोगी. त्याच्या ॲनालॉग पिनवरही पुरेसा वाढवलेला सिग्नल मिळत नाही. साध्या बोलण्यातून १ मीटरवर कॅप्सूल एक दशांश मिलिव्होल्टच्या आसपास देते. सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या ५ व्होल्टच्या १० बिट कन्व्हर्टरची एक पायरीच ४.९ मिलिव्होल्टची असते, म्हणून न वाढवलेले बोलणे त्याला दिसतच नाही. आपल्या विक्रीपानावर मात्र सुटी कॅप्सूल, हे मॉड्यूल आणि प्रीॲम्प्लिफायर किट या तिन्हींना ‘माईक’ हेच नाव आहे. काय घ्यावे हे नवशिक्याने त्यावरून ओळखायचे कसे?

म्हणून मागण्या अशा:

२.२ किलोओहम, पाव वॉटचे १० रेझिस्टर आणि वारंवार तापवून गेलेल्या ४ कॅप्सूल विनामूल्य पाठवाव्यात. दुरुस्त पत्रक आम्हालाच नव्हे, तर हे किट घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला पाठवावे. विक्रीपानावर तिन्ही वस्तू वेगळ्या नावांनी दाखवून प्रत्येकीपुढे तिचे आउटपुट कसले आणि पुरवठा किती व्होल्टचा, हे लिहावे. शिल्लक साठ्यातील पिशव्या उघडून पट्टे तपासेपर्यंत किटची विक्री थांबवावी.

१५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपले,
किटचे ग्राहक

सोबत: रेझिस्टरच्या पट्ट्यांचे व मल्टिमीटरवरील मोजमापाचे फोटो, पत्रकाची प्रत, बिलाची प्रत