हळदीच्या पिशवीवरची ओळ

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गुहागर तालुक्यात आमची पोफळीची बाग आहे. पोफळीखाली हळद लावते. माघात काढायची, उकडायची, अंगणात वाळवायची नि दळून पाव-पाव किलोच्या पिशव्या भरायच्या. यंदा एका दुकानदाराने अट घातली, पिशवीवर 'कॅन्सरवर गुणकारी' छापा, पन्नास रुपये जास्त देतो. मी नाही म्हटलं. माल घरी परत आला.

सून फार्मसी शिकलेली. तिला विचारलं, यात खरं किती? अगदीच थाप नाही, म्हणाली. पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाची प्रथिनं असतात. ती जागी झाली की सूज भडकते, आणि कर्करोगाच्या पेशींना मरण चुकवायलाही तीच मदत करतात. हळदीतलं कर्क्युमिन त्यांना अडवतं. पण हे दिसलंय मुख्यतः काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर.

पोटात गेल्यावर गणित फिरतं. शंभर ग्रॅम हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ ग्रॅम, आणि ते पाण्यात विरघळत नाही. दळणाच्या दिवशी माझे हात बघा! साबण लावला की पिवळ्याचे लाल होतात, धुतले तरी नखांच्या कडा चार दिवस पिवळ्याच. खाल्लेलं बरंचसं आतड्यातून तसंच बाहेर पडतं, थोडं शोषलं गेलं तर यकृत त्याची लगेच वासलात लावतं. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तेव्हा ते कितीतरी पट जास्त शोषलं गेलं. म्हणून हल्ली गोळ्यांत मिरीचा अर्क घालतात. पण पायपरिन यकृताचं हे वासलात लावण्याचं कामच मंद करतं, आणि केमोची कित्येक औषधंही त्याच यकृतातून जातात.

माझ्या जावेने केमो चालू असताना कोणाच्या सांगण्यावरून अशा गोळ्या महिनाभर घेतल्या, डॉक्टरांना न सांगता. कळल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा त्या बंद करायला लावल्या. ओरडा मात्र आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपायांच्या कायद्याने बंदी आहे. तरी बाजारात अशा पिशव्या, डबे राजरोस टांगलेले असतात. अन्न व औषध प्रशासनाने एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी फेरी मारावी, एवढंच मागणं.

माझ्या पिशवीवर 'गावठी हळद, २५० ग्रॅम' छापलंय. पातोळ्या वाफवायला हळदीची पानं हवी असतील त्यांनी श्रावणात यावं, ती फुकट.

– एक बागायतदार वाचक, ता. गुहागर