मंत्रीसाहेब, आमच्या अण्णांना कुठल्या फॉर्मात बसवायचं?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सोलापूरहून नमस्कार.

आमचे अण्णा ३३ वर्षं एका पेपरचे वार्ताहर होते आणि कवी पण. पगार असा नव्हताच. महिन्याला थोडं मानधन, वर जाहिरात आणली तर कमिशन, त्यामुळं दिवाळी आली की अण्णा शुभेच्छांच्या जाहिराती मागत दुकानं फिरायचे आणि ज्यानं जाहिरात दिली त्याच्याच विरोधात बातमी हाती लागली की रात्रभर झोप नाही. (छापायचे मात्र. पुढच्या दिवाळीला ते दुकान गेलं समजा.) घर आईच्या शिलाई मशीनवर चाललं, हे पण सांगून टाकतो.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आधी जमीन हलली, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आम्ही सगळे रस्त्यावर. अण्णा कुणाच्या तरी जीपला लटकून किल्लारीकडं गेले ते तिसऱ्या दिवशी आले, अंगावर तोच शर्ट. बातमी छापून आली, वर फक्त 'आमच्या वार्ताहराकडून'. पंधरा दिवसांनी रविवारच्या पुरवणीत कविता आली, एक म्हातारी ढिगाऱ्यात चूल शोधत होती त्यावर. बातमीत ती बसली नव्हती म्हणे. कवितेखाली मात्र अण्णांचं पूर्ण नाव, आणि घोळ इथंच आहे साहेब.

सरकारनं ज्येष्ठ पत्रकारांसाठी आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावानं सन्मान योजना काढली, आधी ११ हजार होते, मग २० हजार केले, चांगलंच केलं. वय ६० आणि अनुभव ३० वर्षं. आम्हाला वाटलं बसतंय की. पण नियुक्तीपत्र कुठाय, पगाराची स्लिप कुठाय? पेपर बंद पडून बरीच वर्षं झाली. अण्णांकडं आहे ती चादर कारखान्याची एक जुनी खतावणी, तिच्यात खळ लावून चिकटवलेली कात्रणं आणि प्रत्येकावर शाईपेनानं तारीख. टेबलावरचे साहेब म्हणाले, तारीख हातानं लिहिलीय, चालणार नाही, आणि बातमीवर नाव कुठाय? नाव कवितांवर आहे म्हटलं तर म्हणाले कविता म्हणजे पत्रकारिता नव्हे.

बरं, मग तुमच्या खात्याची योजना, ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना महिन्याला ५ हजार. तिथं विचारलं, पुस्तकं किती? एक पण नाही. पुस्तक काढायला पैसे लागतात हो. म्हणजे पत्रकारांच्या खिडकीवर अण्णा कवी आणि कवींच्या खिडकीवर नुसते पेपरवाले.

आमच्या सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत, तुम्ही हार घातला असेलच. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले, त्यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचा पेपर चालवायचे. सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या गडबडीत सुद्धा अण्णांनी त्या दिवसाची बातमी कधी चुकवली नाही. १९३० च्या मार्शल लॉमध्ये 'कर्मयोगी'चे संपादक राजवाडे यांना इंग्रजांनी पेपरातल्या मजकुरावरून तुरुंगात घातलं. शिक्षा द्यायला छापलेला कागद पुरला साहेब, नियुक्तीपत्र नाही मागितलं कुणी. मानधन द्यायचं म्हटलं की तोच कागद का पुरत नाही?

मला फुकटचं काही नकोय. जिथं कुठं जुन्या पेपरच्या फायली असतील तिथं माणूस पाठवा, कात्रण आणि अंक जुळवून बघा, तारीख जुळली तर धरा पुरावा. आणि बिननावाच्या बातमीसाठी गावातल्या चार जुन्या पत्रकारांची सही चालवा, त्यांना कुणाचा हात कुठला ते बरोबर कळतं. असे वार्ताहर दर तालुक्याला निघतील.

हे पत्र अण्णांना दाखवलं नाही, दाखवलं असतं तर निम्मं कापलं असतं. खतावणी तुम्ही म्हणाल तिथं घेऊन येतो. फक्त झेरॉक्स मागू नका, पानं वाळलीत, मशीनच्या काचेवर दाबली की मोडतात.

आपला,
एका वार्ताहराचा मुलगा, सोलापूर