कॅमेरा राहील, ऑपरेशनही होईल

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,

बेबीचा साष्टांग नमस्कार.

परवा दादाचा फोन आला. "बेबीने आधीच कॅमेऱ्यात एवढे पैसे घातले आहेत, आता माझ्या डोळ्यांसाठी तिने खर्चात पडू नये, ऑपरेशनचे पुढच्या थंडीत पाहू," असे बाबा म्हणाल्याचे त्याच्याकडून कळले. नड असेल तर तो कॅमेरा विकून टाक म्हणावे, असे आईनेही सुचवले म्हणे. फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणत फोन आईकडे देतात आणि आई मला आज भाजी कोणती केली ते विचारू लागते, म्हणून हे सगळे सविस्तर लिहिते आहे. यंदा आखाजीला मी माहेरी आले नाही याची रुखरुख मनात आहेच. उत्तरपत्रिकांचे काम नेमके त्याच आठवड्यात अंगावर आले. कॅमेरा घेऊन कुठे फिरायला गेले म्हणून आले नाही, असे मात्र कृपा करून मनात आणू नका.

ठरलेले आधी सांगते. बाबांच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन पावसाळ्यापूर्वी जळगावला करायचे, असे मी आणि दादाने ठरवले आहे आणि डॉक्टरांकडून दिवसही घेतला आहे. कॅमेरा विकायचा नाही, हेही ठरले आहे. या दोन्हींचे पैसे वेगवेगळे आहेत आणि एकामुळे दुसरे अडलेले नाही, एवढे तुम्ही दोघांनी मनाशी पक्के धरा.

आई, दोन पाटल्या झाल्या असत्या हे तुझे म्हणणे मी विसरलेले नाही. पण तो कॅमेरा मी नवाकोरा घेतलेला नाही. निकॉनचा डी७५०० हा २०१७ साली बाजारात आला. शिकाऊ लोकांच्या कॅमेऱ्यापेक्षा वरचा आणि लग्नसमारंभ करणारे व्यावसायिक वापरतात त्या महागड्या कॅमेऱ्यांपेक्षा खालचा, असा तो मधल्या दर्जाचा आहे. अलीकडे सगळ्यांचा ओढा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे आहे आणि निकॉननेही २०२० नंतर माझ्यासारखा आरसा असलेला नवा डीएसएलआर काढलेला नाही, त्यामुळे जपून वापरलेले चांगले डीएसएलआर बरेच उतरत्या भावात मिळतात. जुना कॅमेरा घेताना त्याचे शटर किती वेळा उडाले आहे, म्हणजे त्याने आजवर किती फोटो काढले आहेत, ते पाहावे लागते. याचे शटर १,५०,००० वेळांसाठी तपासलेले असते आणि माझ्या कॅमेऱ्याचा आकडा त्याच्या निम्म्याहूनही बराच खाली होता. तो पाहिल्यावरच मी पैसे दिले. आज विकायला काढला तर याचे आणखी कमी येतील. ऑपरेशनला त्याचा फारसा हातभार लागणार नाही आणि माझ्या हातची वस्तू मात्र जाईल, म्हणून विकण्यात काही शहाणपण नाही.

मोबाइलमध्ये फोटो निघतातच की, हा बाबांचा प्रश्न रास्त आहे. भर दुपारी अंगणात काढलेल्या फोटोत फारसा फरक दिसत नाही, हे मीही मान्य करते. फरक कळला तो घरी कानबाई देवी बसवली त्या रात्री. देव्हाऱ्यापुढे समयांचा उजेड तेवढा होता, फ्लॅश मारू नको असे आई, तू आधीच बजावले होतेस, आणि आत्या, वहिनी व तू गाणी म्हणत बसला होतात. मी ३५ मिलिमीटरची लहान लेन्स लावली, तिचे तोंड एफ १.८ इतके मोठे उघडले आणि आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही चित्र टिपण्याची तीव्रता, ६४०० वर नेला. त्या फोटोत थोडी कणी दिसते, पण कानबाईच्या नथीवरची चमक, रोटांच्या परातीवरची पिठाची बोटे आणि तुझ्या कपाळावरचे पसरलेले कुंकू, सगळे जिथल्या तिथे आले आहे. त्याच वेळी वहिनीने मोबाइलवर काढलेल्या फोटोत तुझा चेहरा मेणासारखा गुळगुळीत झाला होता आणि तुझ्या हनुवटीवरचे गोंदण पुसले गेले होते. मला तुझे गोंदण हवे आहे, आई. त्यासाठी मी हा कॅमेरा घेतला, असे म्हटले तरी चालेल.

बाबांच्या फोटोंची अडचण वेगळी होती. केळीच्या बागेत सावली गर्द आणि त्यात बाबांचे धोतर-टोपी पांढरेशुभ्र, त्यामुळे कॅमेरा हिरव्या काळोखाकडे पाहून उजेड वाढवतो आणि टोपीच्या जागी नुसता पांढरा ठिपका उरतो. या कॅमेऱ्यात उजळ भागाला सांभाळून उजेड मोजण्याची सोय आहे. ती लावली तर चेहरा थोडा काळवंडतो, पण रॉ पद्धतीने, म्हणजे कॅमेऱ्याने काटछाट न करता साठवलेल्या फोटोत सावलीतला भाग मागाहून बराच वर आणता येतो. घडाला टेकू लावताना बाबांचा जो मोठा फोटो ओसरीवर लावला आहे तो असाच निघाला, आणि त्यात टोपीची शिवणसुद्धा दिसते.

हातात धरायला तो भरीव आहे, मूठ खोल असल्याने बोटे नीट बसतात. वजनाची काळजी आईला वाटते ती खरी आहे. बॅटरी आणि कार्ड धरून बॉडीच सुमारे ७२० ग्रॅम भरते आणि १८-१४० मिलिमीटरची लेन्स लावली की सव्वा किलोच्या घरात जाते. पण मी तो गळ्यात अडकवत नाही, रुंद पट्ट्याने खांद्यावरून आडवा घेते, त्यामुळे मान दुखत नाही. बॅटरी एका चार्जिंगमध्ये साधारण ९५० फोटो देते असे कंपनी सांगते. बाबा, तुमच्या जुन्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या रोलमध्ये १२ फोटो असत आणि शेवटचे २ तुम्ही पोळ्याला सर्जा-राजासाठी राखून ठेवायचात; आम्ही भावंडे आधीच्या फोटोत यायला धडपडायचो आणि तुम्ही "श्वास धरा" म्हणायचात. आजही फोटो काढताना मी श्वास धरते. आगफाचे पुढे काय झाले तो विषय मी काढणार नाही, तुम्हीही काढू नका.

व्हिडिओच्या बाबतीत मी याच्यावर फार खूश नाही. फोर-के चित्रीकरणात चित्राच्या कडा बऱ्याच कापल्या जातात, म्हणजे ओसरीत बसलेली सगळी माणसे घ्यायची तर मला अंगणात उतरावे लागते. पडदा वर उचलून खाली मान घालून फोटो काढता येतो, पण तसे केले की फोकस सावकाश होतो. तरीही आई, तू कॅमेरा दिसला की ताठ होऊन बसतेस, त्यामुळे खापरावर मांडे टाकतानाचे तुझे हात मी याच रीतीने, कॅमेरा मांडीवर ठेवून टिपले. मांडा हातावर फिरत होता तरी एक तरी फोटो नेमका आलाच. कार्डाची जागा एकच आहे, म्हणून घरी आल्याबरोबर सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवते.

आणखी खर्च होईल, ही धास्तीही ठेवू नका. हतनूरच्या पाणवठ्यावर हिवाळ्यात बदके उतरतात, त्यांच्यासाठी १४० ची लेन्स तोकडी पडते आणि लांब पल्ल्याची लेन्स महाग असते, ती मी घेणार नाही. १८८४ नंतर कुणाच्या नजरेस न पडलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला, त्याचे कात्रण बाबांनी वहीत चिकटवले आहे. त्याचा फोटो काढावा असे मला फार वाटते, बाबा, पण ते पुढे कधीतरी. आत्ता माझ्यासाठी तुम्ही दोघे, घर आणि वाडा एवढे पुरे आहे.

आता डोळ्याविषयी. संक्रांतीला ओट्यावर बसून बाबांनी कॅमेरा हातात घेतला, तेव्हा डोळा लावून पाहायच्या खिडकीच्या, म्हणजे व्ह्यूफाइंडरच्या, उजव्या अंगाची लहान चकती मी त्यांना दाखवली. चष्म्याच्या नंबराप्रमाणे उणे २ पासून अधिक १ पर्यंत ती फिरवता येते, म्हणजे चष्मा काढूनही आतले चित्र स्वच्छ दिसावे. बाबांनी चकती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली आणि म्हणाले, "काच पुसून दे." मी व्ह्यूफाइंडरची काच पुसली, मग समोरची लेन्सही पुसली, दोन्ही आधीच स्वच्छ होत्या. डाव्या डोळ्याने पाहिल्यावर मात्र तुम्ही लगेच म्हणालात, की लिंबावर भारद्वाज बसला आहे. नंबराचा दोष असता तर त्या चकतीने निभावले असते. डोळ्यातले भिंगच गढूळ झाले असले तर चकती फिरवून किंवा नवा चष्मा करून भागत नाही, ते भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवावे लागते. मला त्या दिवशीच शंका आली होती. डॉक्टरांनी आता मोतीबिंदू असल्याचे सांगितले आहे.

मोतीबिंदूचे ऑपरेशन थंडीतच करावे, हा समज जुन्या काळचा आहे. आता छेद अगदी लहान असतो, बहुतेक वेळा टाके घालावे लागत नाहीत, आणि ते बाराही महिने करतात. सहसा त्याच दिवशी घरी सोडतात, त्यामुळे आईला दवाखान्यात रात्र काढावी लागणार नाही. तरीही मी रजा घेऊन येणार आहे आणि पहिले काही दिवस औषधाचे थेंब मीच घालणार आहे. बाबांना चहा त्यांच्याच पितळी कपात मिळेल, रेडिओ उशाशी राहील आणि कळण्याची भाकरी मी स्वतः थापीन. पूर्वीइतकी गोल होणार नाही, पण बाबा ती खातात हे मला ठाऊक आहे.

आता दोघांनीही मुकाट्याने ऐकायचे. एसटीने यायचे नाही, दादा चोपड्याहून गाडी करील. बाबांनी बीपीच्या गोळ्यांचा कागद आणि जुन्या चष्म्याचा नंबर खिशात ठेवायचा आणि गोळी कोणती सुरू ठेवायची ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज ठरवायचे नाही. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तोवर धुळीत जायचे नाही, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही. कापसाची लावणी आणि केळीचे पाणी दादा पाहील, बांधावर उभे राहून नुसती देखरेख करायलासुद्धा जायचे नाही. दुपारी १२ ते ४ तर आजपासूनच घरात थांबायचे. माझ्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत तो ४० अंशांपर्यंतच वापरावा असे लिहिले आहे आणि आपल्याकडे वैशाखात पारा ४५ पर्यंत चढतो. यंत्राला मी सावलीत ठेवते तर बाबांना उन्हात कशी सोडू? आई, बाबांनी ऐकले नाही तर तू मला लगेच फोन करायचास, त्यांची बाजू घ्यायची नाहीस. आणि स्वतःचे गुडघे दुखत असताना पाण्याच्या घागरी उचलायच्या नाहीत, हे तुलाही लागू आहे.

माझे बोलणे कुठे लागले असेल तर पोटात घाला. बाबांनी पैशांचा विचार केला तो माझ्या मायेपोटीच, हे मी जाणते. डोळा बरा झाला आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की कॅमेरा बाबांच्या हातात देईन आणि या वर्षी पोळ्याचे फोटो त्यांनीच काढायचे; रोल संपण्याची काळजी नाही, सर्जा-राजासाठी हवे तेवढे काढा. येताना कानबाईचे फोटो मोठे करून आणते आहे. दादाने गाडीची वेळ ठरवली की मला कळवायला सांगा, म्हणजे मी आदल्या रात्रीच्या गाडीने निघेन.

तुमची,
बेबी