सुमनला पत्र

सातारा,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सुमे,

'प्रवक्तेपद म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात आपण अक्षता वाटत फिरायचं' हे तुझं वाक्य वाचून एकटीच हसले. मग पुढचं वाचलं, आणि हसू गेलं. पेपरवाले आले की समितीला तू हवीस, निर्णय घ्यायची वेळ आली की बैठकीचा निरोपसुद्धा नाही. 'सोडून देऊ का?' असं विचारतेस. मी काय सांगणार! मात्र एका बाईची गोष्ट सांगावीशी वाटते.

हनान अश्रावी, पॅलेस्टिनींची प्रवक्ती. आपल्याच जातीची, म्हणजे इंग्रजीची मास्तरीण. आपल्याला एम.ए.ला चॉसरनं रडवलं, हिनं मध्ययुगीन साहित्यात व्हर्जिनिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. जन्म 1946चा, पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसचा. घर ख्रिस्ती, वडील डॉक्टर, वाढली रामल्लात. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात शिकत असताना 1967चं युद्ध झालं आणि वेस्ट बँक, म्हणजे नाब्लुस-रामल्लाचा सगळा टापू, इस्रायलच्या ताब्यात गेली. युद्धात जे बाहेर होते त्यांना घरी परतायची मुभा नव्हती. ही पोरगी बाहेरच अडकली. परत आली ती 1973मध्ये, आणि रामल्लाजवळच्या बीरझेत विद्यापीठात इंग्रजी विभाग उभा करायला लागली. पुढे इंतिफादाच्या, म्हणजे इस्रायली कब्जाविरुद्धच्या उठावाच्या काळात, 1988पासून चार वर्षं ते विद्यापीठ लष्करी हुकमानं बंद होतं. मास्तरांनी घरोघरी चोरून वर्ग घेतले. आपण संपात कॉलेज बंद राहिलं की गावी पळायचो, ते आठवून लाज वाटली.

त्याच 1988मध्ये एका अमेरिकन वाहिनीनं जेरुसलेममध्ये इस्रायली आणि पॅलेस्टिनी पाहुण्यांना एकाच मंचावर बसवलं. एकाच मंचावर, पण मध्ये बुटकी भिंत! ती पॅलेस्टिनींनीच मागून घेतली होती. हनान त्या भिंतीच्या एका बाजूला. जिला जगानं पुढे टीव्हीवर सतत पाहिलं, ती पहिल्यांदा ठळक दिसली ती अशी.

आणि आता माद्रिदची इस्रायल-अरब शांतता परिषद, ऑक्टोबर 1991. हा भाग तुझ्यासाठीच. आमचा दादा वर्षभरापूर्वी, इराकच्या सद्दामनं कुवेत घेतल्यावर, तिथून अम्मानमार्गे अंगावरच्या कपड्यांनिशी आला होता. पीएलओचे, म्हणजे पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेचे, प्रमुख यासर अराफत यांनी सद्दामची बाजू घेतली म्हणून तो त्यांच्या नावानं बोटं मोडायचा. आखाती देशांनीही पॅलेस्टिनींना पैसे द्यायचं थांबवलं होतं. थोडक्यात, पत नसलेल्या माणसांनी वाटाघाटीला जायचं होतं. त्यातून इस्रायलची अट: पीएलओचा कुणी नको, पूर्व जेरुसलेमचा कुणी नको, आणि स्वतंत्र शिष्टमंडळही नको, जॉर्डनच्या जोडीनंच या. मग शिष्टमंडळाचे प्रमुख झाले गाझाचे वयोवृद्ध डॉक्टर हैदर अब्देल शाफी. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्याशी महिनोन्महिने बोलणी केलेले जेरुसलेमचे पुढारी फैसल हुसैनी आणि हनान हे दोघं सल्लागार म्हणून टेबलाबाहेर. बसायला खुर्ची नाही, पण बोलायचं मात्र हिनंच! अब्देल शाफींचं जे भाषण गाजलं, त्याचा मसुदा बराचसा हिच्या हातचा. पत्रकारांच्या गराड्यात हीच. पीएलओशी संबंध ठेवणं तेव्हा इस्रायली कायद्यानं गुन्हा होता, आणि निरोप तर पीएलओचं मुख्यालय असलेल्या ट्युनिसहूनच यायचे, हे सगळ्यांना ठाऊक. तू सांग, ह्याहून अडचणीची बाजू कुणी मांडली असेल?

आणि मग ऑस्लो. ही मंडळी उघडपणे चर्चा करत असताना अराफतांच्या माणसांनी नॉर्वेत इस्रायलशी गुपचूप करार उरकला. सप्टेंबर 1993मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर हस्तांदोलन झालं. वेस्ट बँक-गाझातल्या इस्रायली वसाहती आणि जेरुसलेम 'नंतर बघू' म्हणून बाजूला. कब्जाखाली एक दिवसही न काढलेल्यांनी हे लिहिलंय, असं तिचं म्हणणं होतं. तिनं चव्हाट्यावर भांडण केलं नाही. वर्ष संपायच्या आत प्रवक्तेपद सोडलं आणि नागरिकांच्या हक्कांसाठी स्वतंत्र आयोग काढला, तोही आपल्याच सरकारवर नजर ठेवायला. मला ही गोष्ट सगळ्यात आवडते.

पुढचं भरभर सांगते. 1996ला पॅलेस्टिनी संसदेवर निवडून आली, उच्चशिक्षणमंत्री झाली. 1998मध्ये भ्रष्टाचाराचे आरोप असलेले मंत्री कायम ठेवून हिच्या पुढ्यात पर्यटन खातं टाकलं, ते हिनं घेतलंच नाही. 2001मध्ये अरब लीगची प्रवक्ती. 2006ला माजी अर्थमंत्री सलाम फय्याद यांच्या यादीतून पुन्हा निवडून आली. सगळ्या यादीच्या जागा मिळून दोन! 2009मध्ये पीएलओच्या कार्यकारी समितीवर निवडून गेलेली पहिली बाई. 2019मध्ये अमेरिकेनं व्हिसा नाकारला, तेव्हा मी सत्तरी उलटलेली आजी आहे, असं तिनं ट्विटरवर सुनावलं. 2020च्या डिसेंबरात तेही पद सोडलं: तरुणांना आणि बायकांना जागा करा, संघटना सुधारा, असं सांगून.

तिच्यावर टीकाही कमी नाही. इस्रायली बाजूला ती गोड बोलून कटू गोष्टी झाकणारी वाटते. पॅलेस्टिनींतल्याच काहींना ती पाश्चात्त्यांच्या कानाला रुचेल असं बोलणारी वाटली. तिची सगळीच मतं मला पटतात असंही नाही. पण पद गेल्यावर तिचं बोलणं थांबलं, असं एकदाही झालं नाही.

बुधवारच्या दुपारच्या एसटीनं येते. तुमच्या अध्यक्षांच्या भाषणाचा मसुदा तूच लिहितेस ना? तो काढून ठेव, लाल पेन मी आणते. आणि बैठकीला बोलावलं नाही तर दोघी जाऊन बाहेरच्या बाकावर बसू.

तुझीच,
मंदा