जागलीतलं रोजचं पान

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन झाला. कॉलेजांत निबंध स्पर्धा झाल्या, बक्षिसं वाटली गेली आणि दुसऱ्या दिवशी फळा पुसला गेला. वर्षातून एक दिवस लिहिणाऱ्या पोरांनी रोज लिहिलं तर काय होतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे, म्हणून हे पत्र.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा, जमिनीखालचं पाणी खारट. पावसाची जी ओल काळ्या जमिनीत उरते तिच्यावरच आमचा हरभरा येतो. तो घाट्यावर आला की रात्री रोही (नीलगायी) अन् रानडुकरं वावरात शिरतात. एक कळप उतरला तर सकाळी नुसते बुडखे दिसतात. म्हणून जागल करावी लागते. बाबांची कंबर धरली तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. हा माझा दुसरा हंगाम.

त्याआधीची एक गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षाला असताना मी अशाच एका निबंध स्पर्धेत भाग घेतला होता. बाबांसोबत वावरात काढलेल्या एका रात्रीबद्दल लिहिलं होतं. कागद परत मिळाला तेव्हा 'धुरा' हा शब्द लाल शाईनं खोडून वर 'बांध' लिहिलेलं होतं. 'जागल'भोवती गोल काढून प्रश्नचिन्ह होतं. ज्यांनी तपासलं त्यांच्यावर माझा राग नाही, पण त्या लाल रेघेनं मी गप्प झालो. पुढचे नऊ-दहा महिने एक ओळही लिहिली नाही. मला वाटलं, लिहायची भाषा वेगळी असते अन् ती आपल्याला येत नाही.

पुन्हा लिहायला लागलो तो मचाणावर. पहिली चक्कर दहाला होते. डबा वाजवत, बॅटरी फिरवत चारही धुऱ्यांनी फिरून यायचं. मग दुसऱ्या चकरेपर्यंत जागं राहणं हेच मोठं काम. बाजारातून एक दोनशे पानी वही आणली आणि ठरवलं, पहिली चक्कर झाली की एक पान. जास्त नाही, कमीही नाही. वर तारीख टाकायची आणि आज जे डोळ्यांनी पाहिलं किंवा कानांनी ऐकलं त्यातली एकच गोष्ट लिहायची. सुचलं नाही तर सुचलं नाही असं लिहायचं, पण पान सोडायचं नाही.

पहिले पंधरा दिवस फार जड गेले. थंडीत बॉलपेन चालत नाही, तो काखेत धरून गरम करावा लागतो. दवानं कागद ओलसर होतो आणि अक्षर फुटतं. एकदा वही हातातून सुटून खाली हरभऱ्यात पडली. हरभऱ्याच्या पानांवर रात्री आंब येते. पूर्वी बाया रात्री पांढरं फडकं अंथरून ती धरायच्या अन् सकाळी पिळून पोटदुखीसाठी ठेवायच्या. त्या आंबेनं माझी चार पानं पार विरघळली. हातालाही आग झाली. ती पानं वाचता येत नाहीत, तरी मी फाडली नाहीत. निळ्या डागांखाली त्या चार रात्री आहेत हे मला माहीत आहे.

हे टिकलं कसं याचं उत्तर मला आमच्या आबाजींकडे सापडलं. गावात संध्याकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. आबाजी खंजेरी घेऊन रोज जातात. कधी चाळीस माणसं असतात, कधी पाऊस असला की आबाजी धरून तीन. मी एकदा विचारलं, तिघांत काय प्रार्थना होते? ते म्हणाले, "माणसं मोजाले नाई जात मी, वेळ झाली म्हणून जातो." मूड, प्रेरणा, निवांतपणा यांची वाट पाहत बसणाऱ्या माझ्यासारख्या पोराला तेवढं पुरलं.

आणखी एक सवय आईकडून उचलली. ती रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवते, म्हणजे सकाळी काडी लागत नाही. मीही उद्याचं एक वाक्य ठरवून ठेवतो, पण लिहीत नाही. दुसऱ्या रात्री त्यानंच सुरुवात होते, कोऱ्या पानाकडे पाहत बसावं लागत नाही. बहिणीच्या लग्नात सहा दिवस बुडाले, तापात चार. ते नंतर बसून भरून काढले नाहीत. बुडालेल्या दिवसांचं ओझं घेतलं की सातव्या दिवसाचंही पान होत नाही, हे मी एकदा करून पाहिलं आहे.

जागलीचा हंगाम संपला की मी मचाणाऐवजी घरी, पहाटे पाचला लिहितो. आता दोन वह्या भरल्या, तिसरी चालू आहे. त्यातलं बरंचसं साधं आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांतलं एक पान आहे. संध्याकाळी वेचा मोजत होतो. एका म्हाताऱ्या काकूंचं गाठोडं अकरा किलो भरलं. दुसऱ्या बायांचे चाळीसच्या पुढे होते. मी पुन्हा मोजलं, तेवढंच. त्या म्हणाल्या, "काटा बरोबर हाय बाप्पा, माह्ये बोटंच हारले आता." त्या रात्री मी ते जसंच्या तसं उतरवलं. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो असतो तर 'माझी बोटं थकली' असं काहीतरी लिहून गेलो असतो. 'हारले' हा शब्द गेला असता. त्या एका शब्दावर पुढे माझी पहिली कथा उभी राहिली. रोज लिहिण्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हा, की शब्द कानातून निघून जायच्या आधी कागदावर येतो.

आमच्याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तिथंच म्हाइंभटांनी तेराव्या शतकात नागदेवाचार्यांकडून आणि ज्यांनी ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडून महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आठवणी, विचारून विचारून लिहून घेतल्या. मराठीतल्या सुरुवातीच्या गद्याचा पाया म्हणजे माणसांचं बोलणं नीट ऐकून उतरवून घेणं. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही झालं. ज्या जिल्ह्यात हे घडलं, तिथल्या पोराचा 'धुरा' लाल शाईनं का खोडावा?

म्हणून माझं कॉलेजांना सांगणं आहे. एक तासाच्या निबंधाऐवजी जूनमध्ये मुलांना एकेक वही द्या आणि फेब्रुवारीत परत मागा. शुद्धलेखनाच्या चुका जरूर दाखवा, पण बोलीतला शब्द चूक समजू नका. जिने किंवा ज्याने रोज लिहिलं, त्याला बक्षीस द्या. पोरींना तर अशा वहीची जास्त गरज आहे. घरचं आवरता आवरता त्यांची लिहायची वेळच कोणी वेळ समजत नाही. 'कॉलेजची वही आहे' म्हटलं की घरात पंधरा मिनिटं मिळतात, हे माझ्या बहिणीनंच मला सांगितलं.

आणि आपल्याला विनंती. रविवारच्या अंकात दीडशे शब्दांची एक चौकट गावातल्या नव्या लिहिणाऱ्यांसाठी ठेवा. आठवड्यातल्या एका दिवसाचं एक पान, वर तारीख आणि गावाचं नाव. मानधन नको. आपलं पान छापून येऊ शकतं एवढं कळलं तरी कितीतरी पोरं-पोरी आज रात्री पेन हातात घेतील.

पुढच्या आठवड्यात आमचा हरभरा सोंगायला येईल, मचाण उतरेल. सोबत २ फेब्रुवारीचं माझं पान पाठवत आहे. त्यात 'धुरा' तीन वेळा आला आहे. छापलंत तर तो तसाच राहू द्यावा.

आपला नम्र,
एक विद्यार्थी वाचक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती