बापूच्या बिडीबद्दल

नाशिक, रविवार

ती. आई आणि ती. नाना यांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणार होते. पण फोन लावला की नाना स्पीकर सुरू करतात, बापू शेजारी येऊन बसतो, आणि मी "जेवलात का, कापूस वेचायला बाया मिळाल्या का" एवढंच विचारून ठेवून देते. म्हणून बापूच्या बिडीबद्दल आणि त्याच्या स्किझोफ्रेनियाच्या गोळीबद्दल लिहायला बसले. नाना, आईला मोठ्यानं वाचून दाखवा. बापू ओट्यावर असेल तर त्यालाही आत बोलवा. त्याच्यापासून लपवावं असं यात काही नाही.

श्रावणात कानबाईच्या रोटांना मी आले होते ते आठवा. रविवारी रात्री कानबाई बसवली, नारळाला नथ घातली, आणि आरती झाल्यावर नानांनी बापूचा हात धरून त्याला पाटापुढे नेलं. "आजपासून बिडी बंद, म्हण." बापू म्हणाला. आपल्यापैकी कोणालाही ते खरं वाटलं नव्हतं. बावीस वर्षं रोज दोन बंडलं ओढणारा माणूस, आणि सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून आल्यापासून त्यानं काडेपेटीला हात लावला नाही. देवीपुढे दिलेल्या शब्दाला जागला. ही गोष्ट आपण नंतर पार विसरून गेलो.

आठ-दहा दिवसांनी आईचा फोन आला. बापू दिवसभर झोपतो, उठवला तरी डोळे मिटतात, लाळेनं उशी ओली होते, बोलताना जीभ जड झाली आहे. रात्री मोरीकडे जाताना तोल जाऊन पडला, हनुवटीला टाके पडले. शहरातल्या ज्या दवाखान्यात तुम्ही त्याला नेलं, तिथं "आजार उलटला आहे" म्हणून आणखी एक गोळी वाढवून दिली. बिडी सोडली आहे का, हे तिथं कोणी विचारलं नाही. आपणही सांगितलं नाही, कारण त्याचा याच्याशी काही संबंध असेल हे आपल्या डोक्यातही आलं नाही. मग कोणीतरी त्याला टपरीवर एक बिडी दिली, मग बंडल, आणि आठवड्याभरात बापू पुन्हा ताठ बसायला लागला. आई, तू म्हणालीस, "त्याला बिडीच मानवते गं." मीही हो म्हटलं.

ते चूक होतं. इथं एका मानसोपचाराच्या डॉक्टरांना मी बापूची सगळी चिठ्ठी दाखवली, श्रावणात काय झालं ते सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "त्या आठवड्यात बिडी सोडली होती का?" मी बघतच राहिले.

नाना, तुम्हाला केळीच्या बागेवरून सांगते. समजा पाटाला मध्येच भगदाड पडलेलं आहे. निम्मं पाणी वाटेतच जातं, म्हणून तुम्ही मोटर जास्त वेळ चालवता आणि केळीला बेताचं पाणी पोचतं. एक दिवस ते भगदाड बुजवलं आणि मोटर मात्र पूर्वीइतकीच चालू ठेवली, तर खोडांत पाणी साचणारच. बापूची रात्रीची गोळी क्लोझापिन आहे. ती लिव्हरमध्ये मोडली जाते, आणि बिडी-सिगारेटच्या धुरामुळे लिव्हरचं हे काम फार जोरात चालतं. म्हणून ओढणाऱ्या माणसाला तेवढाच परिणाम यायला जास्त गोळी लागते. बापूचा डोस इतक्या वर्षांत बिडी धरूनच बसवला गेला आहे. बिडी एकदम थांबली की आठवड्याभरात लिव्हरचा तो जोर ओसरतो. गोळी तेवढीच राहते आणि रक्तातलं औषध दीडपट, कधी त्याहूनही जास्त चढतं. झोप, लाळ, तोल जाणं, सगळं त्यातलंच होतं. फार चढलं तर फिटही येऊ शकते. आजार उलटला नव्हता. औषध जास्त झालं होतं, आणि त्यावर आपण आणखी एक गोळी घातली. पुन्हा बिडी सुरू झाली, पाटाला पुन्हा भगदाड पडलं, आणि आपण म्हणालो, बिडी मानवली.

हे काम धूर करतो, तंबाखूतलं निकोटिन नाही, एवढं नीट लक्षात ठेवा. त्यामुळे बिडीऐवजी निकोटिनचं च्युइंगम किंवा पट्टी दिली, तरी बिडी सुटल्यावर गोळी कमी करावीच लागते. ओलान्झापिन नावाच्या गोळीचंही असंच आहे, थोडं कमी. सगळ्याच गोळ्यांचं मात्र नाही. आणि चहा! चहातलं कॅफिनही लिव्हरच्या त्याच वाटेनं मोडतं. बिडी सुटली की आठ कप चहा अंगाला बारा कपांसारखा लागतो, हात कापतात, झोप उडते, आणि घरच्यांना वाटतं की बिडीवाचून डोकं फिरलं.

आता आईच्या मनातलं लिहिते. "लग्न नाही, नोकरी नाही, मित्र नाहीत. एवढं एक सुख आहे पोराला, ते कशाला काढून घ्यायचं?" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकते आहे आणि माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हतं. दिवाळीत मी बापूजवळ ओट्यावर बसले आणि त्यालाच विचारलं. त्याच्या बोटांची पेरं हळदीसारखी पिवळी झाली आहेत, मधल्या बोटाला जुन्या चटक्याचा काळा घट्टा आहे. विचारलं, बिडी ओढली की कानातले आवाज कमी होतात का रे? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नही वं ताई. हातले काम भेटस." सोडायची आहे का म्हटलं, तर म्हणे, "सोडानी शे. पन मंग चक्कर येस." त्याला श्रावणातलं सगळं आठवतं आहे. आणि उठताना म्हणाला, "माले कोनी इचारंच नही."

आई, खरंच आपण कोणी विचारलं नाही. निकोटिननं घटकाभर चित्त एकाग्र होतं, त्याच्यासारख्या रुग्णांना ते जाणवतं, हे खरं आहे. पण निकोटिन रक्तातून भराभर उतरतं. दोन तासांत निम्मं जातं, मग जीव तगमगतो, पुढची बिडी ती तगमग शमवते, आणि आपल्याला वाटतं बिडीनं मन शांत केलं. पहाटे चारला उठून तो चुलीजवळ काडेपेटी शोधतो, ते सुखासाठी नाही. ज्यांनी नीट आधार घेऊन तंबाखू सोडली, त्यांची बेचैनी आणि उदासी पुढे कमी झालेली दिसली आहे. मानसिक आजार असलेल्यांचीसुद्धा.

हे आपल्याच घरात आहे असं समजू नका. बाहेरच्या देशांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत शंभरात साठजण ओढणारे निघतात. चेन्नईत २००२ साली छापलेल्या एका अभ्यासात पुरुष रुग्णांपैकी ३८ टक्के ओढत होते. आपल्याकडे आकडा कमी येतो, कारण अनेकांच्या हातात पैसा नसतो आणि घरचे हिशेबानं देतात. मग हे सगळं नुसतं आजारामुळे कसं म्हणायचं? एक गोष्ट वाचून तर मला फार राग आला. सिगारेटच्या कंपन्यांची जुनी कागदपत्रं अमेरिकेतल्या खटल्यांमुळे बाहेर आली. या रुग्णांना सिगारेट औषधासारखी लागते, असं दाखवणाऱ्या संशोधनाला त्या कंपन्यांनीच पैसा पुरवला होता. आई, तुझ्या तोंडचं वाक्य अर्धं तुझं नाही. ते कोणीतरी विकण्यासाठी पेरलेलं आहे.

या आजाराची माणसं इतरांपेक्षा पंधरा-वीस वर्षं आधी जातात. त्यातली बरीचशी हृदयानं आणि फुप्फुसानं जातात. बापू एकेचाळीसचा आहे. जिना चढून गच्चीवर जाताना तो मध्ये दोनदा थांबतो, मी बघितलं.

नाना, आता तुमच्याशी. कपाटात कुलपात ठेवलेली बंडलं, आणि रात्री गोळी गिळून जीभ दाखवली की एक बिडी. हा रिवाज तुम्ही का लावला ते मला माहीत आहे. गोळ्या बंद झाल्या तेव्हा तो रेल्वेनं भुसावळच्या पुढे निघून गेला होता, अकरा दिवस तुम्ही स्टेशनं पालथी घातली होती. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. ज्या वॉर्डात तो पहिल्यांदा भरती होता, तिथंही शहाण्यासारखं वागलं की बिडी मिळायची. तिथूनच हे घरी आलं. पण गोळी आणि बिडी अशी एका दोऱ्यात बांधून ठेवली, तर एक सोडताना दुसरीही सुटेल ही तुमची भीती कधी जाणार नाही. गोळी त्यानं स्वतःसाठी घ्यावी. ते हळूहळू होईल.

म्हणून माझी विनंती आहे. मी येईपर्यंत बिडी एकाएकी बंद करू नका, शपथ घालू नका, बंडल चुलीत टाकू नका. फक्त एका वहीत रोज किती ओढल्या ते लिहा. बापूलाच लिहू द्या, त्याचं अक्षर अजून चांगलं आहे. टपरीवाल्याशी भांडू नका. सुटी बिडी-सिगारेट विकायला आपल्या राज्यात २०२० पासून बंदी आहे, हे मी आल्यावर त्याला शांतपणे सांगेन. ताप आला किंवा कुठे भरती करायची वेळ आली, तर डॉक्टरांना आधी हेच सांगा की हा क्लोझापिन घेतो आणि रोज इतक्या बिड्या ओढतो. तापातही हे औषध रक्तात चढतं.

पुढच्या महिन्यात मी आठ दिवस रजा काढते. जळगावला डॉक्टरांची वेळ घेते, बापूला बरोबर घेऊन जाऊ आणि बोलायचं ते त्यालाच बोलू देऊ. बिडी कमी होत जाईल तशी गोळी किती उतरवायची, ते डॉक्टरच ठरवतील, आपण नाही. सोडायला मदत करणाऱ्या गोळ्याही आहेत. २०१६ साली सोळा देशांतल्या आठ हजारांवर माणसांचा अभ्यास झाला, त्यात निम्म्यांना मानसिक आजार होते, आणि त्या औषधांनी मनाचे त्रास विशेष वाढलेले दिसले नाहीत. बापूला त्यातलं काय चालेल तेही विचारू. एका वेळेत सुटेल असं मी म्हणत नाही. मध्ये कधी जीव घाबरला आणि मी फोन उचलला नाही, तर टेलिमानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आहे. दोन्ही कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि हातांना काम. तो ते स्वतःच म्हणाला आहे. मामांच्या वखारीत पावत्या लिहायला दुपारी दोन तास बसेल का, विचारून ठेवा. नाही म्हणाले तर भरिताच्या वांग्यांची रोपं परसात लावू, पाणी त्यानं घालायचं.

आई, त्याची गोधडी टाकून देऊ नकोस. जळाल्याची सतरा भोकं मोजली मी दिवाळीत. तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढून ठेव. मी आले की दोघी मिळून ठिगळं लावू.

तुमची,
ताई