बर्फाला एक्स्प्रेस फीडर आणि बागेला रात्रपाळी?

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा नाशिकच्या कार्यक्रमात आपण जाहीर केलंत की शहरालगत बंदिस्त हॉलमध्ये बर्फाचा उतार होणार, बारा महिने स्कीइंग. वर हेही म्हणालात की प्रकल्प पर्यावरणपूरक आहे, कारण आता कुणाला विमानाने गुलमर्गला जायला नको, हिमालयही वाचेल. टाळ्या जोरात पडल्या. मी द्राक्षवाला, मला काही वाजवता आल्या नाहीत.

आपलं अर्धं बोलणं खरं आहे. उघड्यावरच्या स्की रिसॉर्टचा खरा धूर लिफ्टचा नसतो, तिथे येणाऱ्यांच्या विमानांचा आणि गाड्यांचा असतो. उतारासाठी जंगल तोडतात, बर्फ करायला डोंगरावर तळी खोदतात. एक हेक्टरवर फूटभर कृत्रिम बर्फ पसरायचा तर दहा लाख लिटरच्या आसपास पाणी जातं. दहा हजारी टँकरचे शंभर फेरे. 2022 चं बीजिंगचं हिवाळी ऑलिंपिक जवळजवळ सगळं मशीनच्या बर्फावर झालं. 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं पडलं होतं. हॉलमध्ये वितळलेलं पाणी पुन्हा वापरता येतं, तेही मान्य.

पण डोंगर गार ठेवायचं बिल कुणाला येत नाही, साहेब. दुबईचा हॉल 2005 पासून चालू आहे. उन्हाळ्यात बाहेर चाळीसच्या वर, आत शून्याखाली. गिऱ्हाईक असो नसो, कॉम्प्रेसर बंद करायची सोय नाही. शून्य अंशाचं बिल काय येतं ते आम्हाला विचारा! निर्यातीची द्राक्षं आम्ही प्री-कूलिंग करून त्याच तापमानाला ठेवतो, तीही हंगामापुरती. आतून उपसलेली उष्णता सोडणार कुठे? नाशिकच्याच मे महिन्यात. राज्यातली निम्म्याहून जास्त वीज कोळशाची. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राजवळ जाऊन राख कुणाच्या अंगणात पडते ते बघा. आणि इथे घसरायला शिकलेला पोरगा पुढच्या वर्षी खरा बर्फ बघायला विमानच पकडणार. मग वाचलं काय?

शेतीला दिवसा वीज देऊ, हे वचनही आपलंच. निवडणुकीआधी आमच्या दिंडोरीत, माइकवरून. आजही पंप चालवणारी थ्री फेज वीज येते ती रात्रीच. खरड छाटणी होऊन बाग फुटायला लागली आणि डीपी, म्हणजे आमचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी मिळेना. म्हणाले, वर्गणी काढा. काढली. मग ऑईल आमचं, गाडीभाडं आमचं, वर साहेबांचा चहा आमचा. तोवर कोवळ्या फुटींनी माना टाकल्या. डीपी आली, तर रात्री दोनला व्हॉल्व फिरवायला गेलो तेव्हा बॅटरीच्या उजेडात पायाजवळ घोणस वेटोळं करून बसलेली. तेव्हापासून बायको एकट्याला जाऊ देत नाही. दोघंही जागतो, आणि सकाळी लाल डोळ्यांनी मजुरांमागे उभे.

तुमच्या बर्फाला मात्र एक्स्प्रेस फीडर, म्हणजे उपकेंद्रातून थेट वेगळी लाइन, मिळेल, पैज लावा. बर्फाला घोणस चावत नाही ना.

सरकार कुणाचंही येवो, हेच. पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात धो धो, उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन विहिरीत उतरतात. गोदावरी जलपर्णीने हिरवी, आणि 2027 च्या कुंभाची पोस्टरं मात्र निळ्याशार पाण्याची. तपोवनातली झाडं वाचवायला लोकांना रस्त्यावर यावं लागतं. असलेली सावली तोडायची आणि नसलेला बर्फ आणायचा, याला विकास म्हणायचं. थंडीच हवी असेल तर डिसेंबर-जानेवारीत निफाडला या. घड वाचवायला आम्ही बागेत पहाटे शेकोट्या पेटवतो. तिकीट नाही.

मागणी एवढीच: या हॉलला किती वीजभार मंजूर होणार, कुठल्या उपकेंद्रातून, आणि पाणी कुठल्या धरणाचं, हे लेखी जाहीर करा. आणि भूमिपूजनाला याल तर रात्री दोननंतरच या, आमच्याकडे वीज तेव्हा असते.

आपला,
एक द्राक्षबागायतदार
ता. दिंडोरी, जि. नाशिक